अण्णा आणि अडलेली धाव

अमेरिकन फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये चौदा वर्षं काढली. सोमवारी सकाळी ऑफिसात लोक ज्या विषयावर तावातावानं बोलतात, त्यावर योग्य वेळी मान डोलवायला शिकलो. पण मैदानावर नक्की काय चाललंय असं कुणी विचारलं, की मी हळूच कॉफी आणायला उठतो. तरीही एका वर्षी ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत मी एकही गुरुवार चुकवला नाही. शाळेच्या मैदानाशेजारच्या पत्र्याच्या पायऱ्यांवर बसून आधी उन्हात भाजलो, मग थंडीत गारठलो. हे सगळं ज्यांच्यापायी केलं ते अण्णा पाटील आता नाहीत, आणि माझं फुटबॉलचं ज्ञान आहे तिथंच आहे.

अण्णा म्हणजे समीरचे वडील. समीर आमच्या शेजारचा. त्याच्या आणि आमच्या टाउनहाऊसची भिंत एकच. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अण्णा शाळेत पीटीचे सर होते. पीटी हे नुसतं वेळापत्रकापुरतं. शिकवली ती कबड्डी, चौतीस वर्षं. शेतात राबणाऱ्यांची पोरं घेऊन तालुक्याला, जिल्ह्याला जायचे, बहुतेक वेळा जिंकून यायचे. समीरची आई गेल्यावर त्यानं त्यांना दर उन्हाळ्यात इकडे बोलवायला सुरुवात केली. सहा महिने राहायचे, व्हिसाचे दिवस भरले की परत. त्या वर्षी मात्र निघण्याआधी गावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीचं हे असं आहे, यापुढे एवढा विमानाचा प्रवास नको. अण्णा आल्या आल्या मला म्हणाले, "नागपूरकर, ही शेवटची खेप. नोव्हेंबरात गेलो की गेलो."

मी नागपूरचा, म्हणून मला ते कायम नागपूरकरच म्हणायचे. नाव त्यांना माहीत होतं, पण त्याचा त्यांना उपयोग नव्हता. माणूस नावानं नाही, पायानं ओळखायचा असतो, असा त्यांचा हिशेब. आमची पहिली भेट पत्रांच्या पेट्यांपाशी झाली. मी जंकमेल चाळत उभा होतो. पांढरा शर्ट, राखाडी पँट आणि कॅनव्हासचे बूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ समोर येऊन थांबले आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, काही पडलंय की काय.

"डाव्या पायावर रेलून उभं ऱ्हाऊ नका," ते म्हणाले. "लई आळशी हाय तुमचा उजवा. कंबर जाईल."

दोन महिन्यांनी माझी कंबर गेली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी माझी चाळीस मिनिटं परीक्षा घेतली, मला चालवलं, वाकवलं, एका पायावर उभं केलं आणि शेवटी तेच सांगितलं. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना यत्किंचितही आनंद झाला नाही. "मग तवाच का न्हाई सुधारला?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्या अहो-जाहोमधून मी बाद झालो.

त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र मंडळाची पिकनिक होती. तळ्याकाठच्या पार्कात पोहे झाले, बटाटेवडे झाले, संगीतखुर्ची झाली आणि मग कुणाला तरी कबड्डीची हुक्की आली. चाळिशी ओलांडलेले आठ-दहा सॉफ्टवेअरवाले, एकेकाच्या पायात मॅरेथॉनचे बूट, मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं. अण्णांना आधी पंच केलं, पण दहा मिनिटं आमचा खेळ बघून त्यांचा जीव कासावीस झाला असावा. शिट्टी माझ्या हातात देऊन ते मध्यरेषेपाशी गेले. सावकाश वाकले. उजव्या हाताची बोटं गवताला लावली, कपाळाला लावली आणि आमच्या अंगणात शिरले. वय वर्षं एकाहत्तर. पळाले नाहीत, उड्या मारल्या नाहीत. पुटपुटत नुसते चालत होते आणि आमचे पाय बघत होते. मध्येच एकदा पाय असा लांब केला की मला वाटलं त्यांना पेटका आला. तेवढ्यात दोन जण बाद झाले होते आणि अण्णा चालत परत गेले होते.

"तुमी सगळे टाचेवर उभे हाय," ते नंतर वडा खाता खाता म्हणाले. "टाचेवर उभा राहिलेला माणूस आधीच मेलेला असतो."

त्या दिवशी हे सगळं बघत झाडाखाली त्यांचा नातू उभा होता. रोहन, समीरचा मुलगा, सोळा वर्षांचा, दहावीत. पोरगा बुटका पण भक्कम, मांड्या आजोबांच्या. लहानपणी दोनदा सुट्टीत गावी गेला तेव्हा अण्णांनी त्याला शाळेच्या पटांगणात उभं करून चढाई शिकवली होती. मराठी बोलताना तो अडखळायचा, इंग्रजीत उत्तरं द्यायचा, पण अण्णांना 'आजोबा' अशी हाक मारायचा तेव्हा त्यात एकही अक्षर इंग्रजी वाटायचं नाही. इथं कबड्डी नव्हती. मग त्यानं फुटबॉल धरला आणि शाळेच्या दुसऱ्या संघात त्याला जागा मिळाली. समीरला हे मुळीच पसंत नव्हतं. डोक्याला मार लागतो, अभ्यास बुडतो, टेनिस काय वाईट आहे, वगैरे. पण अण्णा म्हणाले, "खेळू दे की. पळायचंच हाय ना?" आणि समीरनं शाळेच्या फॉर्मवर सही केली.

मॅच दर गुरुवारी संध्याकाळी. समीरच्या मीटिंगा नेमक्या त्याच वेळी, त्याच्या बायकोची, पल्लवीची, हॉस्पिटलात ड्यूटी, आणि मी घरून काम करणारा. त्यामुळे अण्णांचा सारथी मी झालो. खेळ कसा असतो हे मी त्यांना समजावून सांगणार होतो. पंधरा मिनिटांत ते मला समजावून सांगत होते. चार वेळा संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकायचे मार्ग दोन. एक म्हणजे चेंडू लांब फेकायचा आणि पुढं गेलेल्या आपल्या गड्यानं झेलायचा. दुसरा म्हणजे चेंडू पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, पुढच्या पाच धिप्पाड पोरांनी समोरच्यांना रेटून फट पाडायची आणि पळणाऱ्यानं त्या फटीतून घुसायचं. हा घुसणारा म्हणजे रोहन.

"म्हंजे चढाईच की," अण्णा म्हणाले. "फक्त श्वास सोडायची परवानगी हाय."

बसायचे कुठं, तर सगळ्यात खालच्या पायरीवर आणि तेही एका टोकाला. बाकीचे पालक वर मधोमध बसायचे, सगळं मैदान दिसावं म्हणून. अण्णांना मैदान नको होतं, पाय हवे होते. खिशात भाजलेले शेंगदाणे, शर्टाच्या आत दोरीला जुनी शिट्टी. ती त्यांनी कधी वाजवली नाही. पण खेळ बिघडला की हात शर्टाच्या आत जायचा आणि तिला धरून बसायचा.

आणि खेळ बिघडतच होता. फेकाफेकी बरी चालायची, पण रोहनच्या हातात चेंडू आला की संपलं. तो दोन पावलं टाकायचा आणि समोरची तीन पोरं जणू त्याला घ्यायलाच आलेली असायची. फट पडायची ती एका बाजूला, आणि तिथं आधीच कुणी तरी उभं असायचं. ढिगाखालून रोहन उठायचा, हेल्मेट सारखं करायचा, परत जागेवर जायचा. पुन्हा तेच. पहिल्या मॅचला मी म्हटलं, नवीन आहे. दुसऱ्या मॅचला मी म्हटलं, समोरचे तगडे आहेत. तिसऱ्या मॅचनंतर माझ्याकडे म्हणायला काही उरलं नाही.

"त्यांना आधी कळतंय," अण्णा म्हणाले. "चेंडू कुणाकडं जाणार हे त्यांना आधी कळतंय. आपल्यातलं कोण तरी सांगतंय."

"अण्णा, कोण सांगेल?"

"तोंडानं न्हवं रं. अंगानं."

झालं. तिथून पुढं अण्णा झपाटले. दोनशे पानी वही आणली. त्यात आमच्या पाच धिप्पाड पोरांची नावं नव्हती, फक्त 'डावीकडून दुसरा' आणि 'लाल मोज्यांचा' असली वर्णनं होती. कोण पुढं झुकतो, कोणाची बोटं पांढरी पडतात, कोण टाच उचलतो. चौथ्या आठवड्यात त्यांना चोर सापडला. डावीकडून दुसरा. चेंडू फेकायचा असला की तो टाचांवर बसतो, पळायचं असलं की हातावर भार देतो. "लेकाचा ओरडून सांगतोय," अण्णा म्हणाले. "चल, कोचला सांगू."

मंगळवारच्या सरावाला कुंपणापाशी उभं राहून मी हे कोचला इंग्रजीत सांगितलं. मला इतका संकोच वाटत होता की बोलण्याआधी मी दोनदा सॉरी म्हटलं. कोच म्हणजे दाराएवढा माणूस, पण वागायला फार नम्र. अण्णांना 'सर' म्हणायचा. अण्णांनी पुढं केलेले शेंगदाणे त्यानं घेतले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की सर बरोबर बोलतात, त्या मुलाची ही खोड त्यानं पहिल्याच आठवड्यात पकडली होती आणि आता ती जवळजवळ गेली आहे. मग त्यानं विचारलं, हे कुठला खेळ खेळायचे? मी कबड्डी सांगितली. श्वास धरून समोरच्यांच्यात शिरायचं, शिवायचं आणि धरले जायच्या आत परत यायचं. कोचनं विचारलं, अनवाणी? मी म्हटलं, बहुधा. तो अण्णांकडे जरा वेळ बघत राहिला. मग मैदानावर रोहन उभा होता तिकडे त्याची नजर गेली. काही तरी बोलणार होता असं मला वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "सरांना सांगा, बऱ्याच लहान लहान गोष्टी आहेत. आम्ही बघतोय."

पाचव्या मॅचला रोहनच्या बरगडीला मार बसला. दोघं एकदम अंगावर आले. तो उठला, पण वाकून उठला, आणि कोचनं त्याला बाहेर बसवलं. अण्णा जागचे हलले नाहीत. कुंपणापलीकडे जायची परवानगी नव्हती आणि गेले असते तरी काय करणार होते? ते शिट्टी धरून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही काही करू शकत नव्हतो. फुटबॉल येत नाही, डॉक्टरी येत नाही, धीर देणं तर त्याहून येत नाही.

एक्स-रे चांगला आला. पण समीर त्या संध्याकाळी माझ्यासमोरच बोलला, "अजून एकदा असं झालं ना, मी त्याला काढून घेतोय. बास. आणि अण्णा, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका प्लीज." कोचचंही म्हणणं असंच काहीसं होतं. पळण्यासाठी दुसरा एक मुलगा तयार होता. अजून एक-दोन मॅच, मग जागा त्याची. रोहन सोफ्यावर बर्फाची पिशवी घेऊन बसला होता. "आय'म फाइन, आजोबा," एवढंच म्हणत होता. अण्णांच्या परतीला नऊ आठवडे उरले होते.

त्या रविवारी दुपारी अण्णांचा फोन. समीर ऑफिसच्या कामाला डॅलसला गेलेला, पल्लवीची ड्यूटी, आणि टीव्हीवर मॅच कशी लावायची हे अण्णांना येत नव्हतं. शाळा प्रत्येक मॅचचं चित्रण ॲपवर देते, मुलांनाही आणि पुढच्या मॅचच्या संघालाही. मी जाऊन लावून दिलं.

"आपली पोरं नको बघूया," अण्णा म्हणाले. "ती बघून बघून डोळं गेलं. त्यांची बघू."

मी एकेक डाव लावायचो, ते 'मागं घे' म्हणायचे, मी मागं घ्यायचो. समोरच्या संघात मध्ये उभा राहणारा एक पोरगा होता. चेंडू सुटायच्या आत तो कधी कधी आपल्या हेल्मेटवर दोनदा हात मारायचा, आणि तसं झालं की त्याची सगळी पोरं आत सरकायची. ज्या वेळी हात मारायचा त्याच वेळी रोहन पळणार असायचा. एकदाही चुकला नाही.

"हा काय बघून हात मारतोय?" अण्णा टीव्हीजवळ गेले. नाक पडद्याला लागेल इतके जवळ. "डावीकडच्या दुसऱ्याकडं न्हाई बघत. ह्याची मान बघ. पार मागं बघतोय. मागं कोण हाय?"

मागं रोहन होता. मी चित्र थांबवलं होतं ते नेमकं रोहन वाकलेला असताना. उजव्या हाताची बोटं गवताला टेकलेली. एक क्षण पुढं नेलं तर तीच बोटं हेल्मेटच्या कपाळावर.

खरं सांगतो, मी हे पाच आठवडे दर गुरुवारी बघत आलो होतो आणि मला त्यात बघण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. देवळात शिरताना कुणी उंबऱ्याला हात लावला तर आपण त्याच्याकडे वळून बघतो का? अण्णांनीही बघितलं नव्हतं. ज्या माणसानं माझ्या चपला बघून माझी कंबर ओळखली, ज्याला डावीकडच्या दुसऱ्या पोराची टाच दिसली, त्याला हे दिसलं नव्हतं, कारण ते त्यांनी स्वतः शिकवलेलं होतं.

त्यांनी मला सगळी मॅच दाखवायला लावली. चेंडू फेकायचा असला की रोहन मांड्यांवर हात ठेवून सरळ उभा. पळायचं असलं की वाकला. फेकायचा, सरळ. पळायचं, वाकला. अण्णांनी वही मिटून ठेवली. शेवटी म्हणाले, "बंद कर."

रोहन दूध प्यायला खाली आला होता. दाराशीच थांबला. पडद्यावर काय होतं ते त्यानं बघितलं.

"आय नो, आजोबा," तो म्हणाला. "कोचनी सांगितलं. सेकंड गेमनंतरच."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, तरी मी मराठीत सांगावं असं त्यांना वाटत असावं. मी सांगितलं.

"मग का लावतोस हात?"

रोहन इंग्रजीत बोलत राहिला आणि मी सांगत राहिलो. सरावाला तो हात लावत नाही. सरावाला काही होत नाही. पण मॅचला आजोबा समोर पायरीवर बसलेले दिसतात आणि हात आपोआप जातो. तो थांबवायचा प्रयत्न करतो. कोच म्हणाला होता, मग प्रत्येक डावाला हात लाव, म्हणजे कुणाला कळणार नाही.

"मग लाव की प्रत्येक वेळी," मीच म्हणालो. मला ते फार सोपं वाटलं.

रोहननं माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. "दॅट्स लाइक लायिंग," तो म्हणाला. मग अण्णांकडे वळून मराठीत, एकेक शब्द जुळवत, "तुम्ही सांगितलं ना. आत जायचं तेव्हाच हात लावायचा. उगाच नाही लावायचा."

सांगितलं होतं. चौतीस वर्षं प्रत्येक पोराला सांगितलं होतं. मातीला हात लावायचा तो खरोखर जाणार असशील तर, नाही तर ते नाटक होतं. अण्णा खुर्चीत बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. पोराच्या बरगडीवरचा काळा डाग त्यांच्याच शिकवणीचा होता, आणि ती शिकवण चुकीची होती असंही त्यांना म्हणता येत नव्हतं.

"उद्यापासनं लावायचा न्हाई," ते म्हणाले. "मी सांगतोय. मनातल्या मनात लाव."

रोहन म्हणाला, "ओके, आजोबा."

पुढच्या गुरुवारी रोहननं मन लावून प्रयत्न केला. अण्णा पायरीवर होते. पहिल्याच धावेला रोहनचा हात मांडीवरून सुटला, गुडघ्यापर्यंत खाली आला आणि तिथंच थांबला. तो थांबला तेवढ्यात चेंडू आला होता. एक पाऊल उशीर झाला आणि त्या उशिरात समोरच्यांनी त्याला उचलून आपटलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा चेंडू हातातून सुटला आणि समोरच्यांनी तो उचलून नेला. आमच्या मागच्या पायरीवरचा कुणाचा तरी बाप, दुसरा पोरगा घाला, असं मोठ्यानं म्हणाला. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं समजलं. अर्धी मॅच झाल्यावर ते उठले. "चल," म्हणाले. मी म्हटलं, अजून अर्धी बाकी आहे. ते एकेक पाऊल टाकत पार्किंगकडे चालायला लागले होते.

सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, "माझ्यामुळं हुतंय. मी दिसलो की त्याचा हात सुटतो. मीच बसाय नको तिथं."

मी म्हटलं, "अण्णा, असं नसतं."

"असंच असतं," ते म्हणाले. असंच होतं हे मीही पाहिलं होतं.

घरी त्यांनी गुडघा दुखतोय असं जाहीर केलं. पायऱ्यांवर बसणं आता झेपत नाही म्हणाले. समीरला बरं वाटलं, पल्लवीनं गरम पाण्याची पिशवी दिली. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी चार वाजता मात्र अण्णा बूट घालून माझ्या दारात उभे. "घरात बसून काय भिंतीकडं बघू?" मी त्यांना घेऊन गेलो. शाळेच्या मागच्या पार्किंगमध्ये, मैदानाकडे पाठ करून गाडी लावायला त्यांनी सांगितलं. "तू जा. बघ आणि मला येऊन सांग."

मी त्यांच्या जागी खालच्या पायरीवर बसलो. रोहन मैदानावर आला तेव्हा आधी त्यानं त्या टोकाकडे बघितलं. मी दिसलो. त्यानं मान वर करून विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं मला, कारण अण्णा दोनशे पावलांवर होते. त्या दिवशी रोहनचा हात एकदाही खाली गेला नाही. धाव काही फार निघाली असं नाही. कधी तीन यार्ड, कधी चार. पुढची पाच पोरं मुळातच जरा कच्ची होती, अण्णांनी वहीत तसं लिहिलंही होतं. पण रोहन आपटला जात नव्हता. घुसत होता, अडकत होता, पण स्वतःच्या पायांनी अडकत होता. कोचनं त्याची जागा ठेवली. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "माझ्याबद्दल विचारलं का?" मी म्हटलं, विचारलं. त्यांनी तेही वहीत लिहिलं.

शेवटची मॅच नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. परतीच्या तिकिटाला तीन आठवडे उरले होते. थंडी कडक होती. गाडीचा हीटर चालू ठेवून, त्यांच्या पायांवर माझं जाकीट टाकून मी मैदानावर गेलो. चित्रण करणारा पोरगा त्या दिवशी आलाच नव्हता, कॅमेऱ्याची शिडी रिकामी होती. ती रिकामी आहे हे माझ्या लक्षातही आलं होतं, पण त्याचा अर्थ काय हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझ्या खिशात फोन होता. तो बाहेर काढावा हे मला सुचलं नाही.

तिसऱ्या सत्रात रोहनच्या हातात चेंडू आला आणि पुढचं सगळं एका दमात झालं. तो आत शिरला आणि बाहेर पडला. समोर हिरवळ होती. पायऱ्यांवरचे सगळे उठले, पत्रा दणाणला, मला न ओळखणाऱ्या एका बाईनं माझा दंड धरला. अर्धं मैदान पळून रोहन शेवटच्या रेषेपार गेला आणि मी काय करतोय हे कळायच्या आत पार्किंगकडे पळत सुटलो. माझी कंबर, माझा उजवा पाय, सगळं विसरून.

अण्णा गाडीबाहेर उभे होते. मैदानाकडे पाठ तशीच. एक हात गाडीच्या टपावर. माझ्या पावलांचा आवाज ऐकून वळले.

"आरडाओरडा कुणाचा?" त्यांनी विचारलं. "आपला का त्यांचा?"

"आपला, अण्णा. रोहन पळाला. अर्धं मैदान पळाला."

"उठला ना?"

"पडलाच नाही. रेषेच्या पार गेला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. दोन्ही हात टपावर ठेवून ते माझ्याकडे तोंड करून नीट उभे राहिले, वर्गात पोराला उत्तर विचारावं तसे.

"सांग," ते म्हणाले. "कसा गेला ते सगळं सांग. पयल्यापासनं."

मी म्हटलं, चेंडू त्याच्या हातात आला. तो आत शिरला. समोर दोघं होते, ते मागं राहिले.

"मागं राहिले म्हंजे? हुकवलं का ढकललं?"

मला आठवेना.

"बरं, आत शिरला तो डावीकडनं का उजवीकडनं? फट कुणी पाडली? एकदम गेला का जरा थांबून गेला?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मी खालच्या पायरीवर बसलो होतो, त्यांच्याच जागेवर, मध्ये कुणीही नव्हतं. सगळं माझ्यासमोर झालं होतं. आणि मला दिसलं होतं ते एवढंच, की रोहन पळतोय.

मैदानावर भोंगा वाजला. अण्णा अजून माझ्या तोंडाकडे बघत होते, पायांकडे नाही.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "आठव."